बोरघाटाच्या पायथ्याची न उरलेली वस्ती
बोरघाटाच्या रेल्वेमार्गाविषयी लिहिताना आपण 25 बोगदे आणि 1,831 फुटांचा चढ हमखास सांगतो. हे काम करणारी माणसे राहिली कुठे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. 1861 साली येथे सुमारे 42,000 मजूर होते. बायकामुलांसह आलेली ही माणसे कामाजवळच उतारावर कच्च्या झोपड्या घालून राहत. पावसाळ्यात काम मंदावले की बहुतेक जण गावी परतत. पाऊस सरला की वस्ती पुन्हा उभी करावी लागे.

कंत्राटदाराची खरी कसोटी सुरुंगाइतकीच या वस्तीत लागे. 1859 च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून येथे दंगल उसळली आणि फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले. पुढचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी काम पुढे नेले. दाटीच्या झोपड्यांत पटकीने असंख्य मजूर नेले.

21 एप्रिल 1863 रोजी घाट खुला झाला. झोपड्या मोडल्या, माणसे पांगली. ॲलिसबाईंचे नाव तरी कागदावर उरले. त्या मजुरांची साधी यादीही आपल्या इतिहासात नाही. घाटाचा हिशेब त्यांच्यावाचून अपुराच राहतो.