साताऱ्याचा अभंग आणि स्कॉटलंडची चाल

आज आधी गृहपाठ देतो. हा एपिसोड संपला की यूट्यूबवर गेलिक साम सिंगिंग शोधा आणि स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचं एखादं रेकॉर्डिंग लावा. हेडफोन लावूनच ऐका.

काय ऐकू येईल? ऑर्गन नाही, गिटार नाही, वाद्य म्हणून काहीच नाही. एक माणूस बायबलातल्या स्तोत्राची ओळ गातो आणि मग सगळं चर्च तीच ओळ उचलतं. पण कवायतीसारखं एकसाथ नाही. कुणी जरा पुढे, कुणी रेंगाळत, प्रत्येकाची हरकत वेगळी. सूर मात्र एकच, त्यात पाश्चात्त्य पद्धतीची हार्मनी नसते. भाषा गेलिक, म्हणजे आयरिशची सख्खी बहीण. या भाषांच्या घराण्याला केल्टिक म्हणतात.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आठवलं ते आमच्या सातारा जिल्ह्यातलं, लोणंद-फलटणकडचं पालखीच्या मुक्कामातलं भजन. बुवा चरण म्हणतात, मागचे टाळकरी उचलतात, आणि शंभर गळ्यांचा मिळून एक जाडसर आवाज होतो. दोन्हीकडे कारणही साधंच आहे. हातात पुस्तक नसलं किंवा वाचता येत नसलं, तरी पुढच्याने एक ओळ दिली की मागच्याला गाता येतं.

आता आयर्लंडकडे. 'बी दाऊ माय व्हिजन' हे इंग्रजी भक्तिगीत रील्समध्येसुद्धा सापडेल. शब्द मुळात जुन्या आयरिश प्रार्थनेचे. मेरी बर्न यांनी १९०५ साली त्याचं इंग्रजी गद्य केलं, एलिनॉर हल यांनी १९१२ साली पद्य केलं. आणि चाल? ती एका साध्या लोकगीताची, देवाधर्माशी संबंध नसलेली. ती पुढे 'स्लेन' नावाने चर्चमध्ये गेली. आपल्याकडे गवळणीची चाल भजनाला लावतात, त्यातलाच प्रकार.

मग आपल्याकडे काय झालं? १८२३ साली स्कॉटिश मिशनरी कोकणात बाणकोटला आले. नगरला १८३१ पासून अमेरिकन मिशन होतं, आणि पुढे साताऱ्यातही त्यांचं काम सुरू झालं. या लोकांनी शब्दांचं मराठी केलं, पण चाली बऱ्याचदा आपल्याच ठेवल्या. गंमत (खरं तर पंचाईत) इथे आहे. त्या चालींमध्ये ठोका बहुतेक वेळा दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अक्षरावर पडतो. आता 'करुणा' हा शब्द घ्या. ठोका पडला 'रु'वर. ऱ्हस्व अक्षर ताणलं गेलं आणि झालं 'करूऊणा'. देवाची करुणा मागायची आणि शब्दच परक्याचा वाटायचा! म्हणून हा प्रश्न नुसत्या संगीताचा नव्हता. धर्म बदलला म्हणून गावाने आधीच दूर केलेल्या माणसाने घरातलं, शेतातलं, जात्यावरचं गाणंही उंबऱ्याबाहेर ठेवून यायचं का, हा तो प्रश्न होता.

याला उत्तर देणाऱ्यांत नगरकडचे कृष्णराव सांगळे होते. त्यांनी ख्रिस्ती कीर्तनं उभी केली. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' गोव्यात छापलं गेलं होतं. पण उत्तर खणखणीत दिलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. हो, लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधले टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. बाप्तिस्मा १८९५ साली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणायचे, आणि लिहायलाही त्यांनी तुकोबांचाच अभंग घेतला.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला आले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. कल्पना अशी की ख्रिस्ताचे अनुयायी इथल्या मातीतल्या रीतीने एकत्र यावेत, मिशनच्या पगारावर आणि परदेशी शिस्तीवर अवलंबून नसावेत. वय पंचावन्नच्या पुढे, तब्येत बरी नाही, आणि माणूस महिन्याचा बांधलेला पगार सोडतो! मला विचाराल तर त्यांच्या कुठल्याही कवितेपेक्षा ही गोष्ट मोठी आहे. दरबार फार चालला नाही. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत गेले.

पण याच माणसाचं गाणं उलट्या दिशेनेही गेलं. पुण्यात निकोल मॅकनिकोल नावाचे स्कॉटिश मिशनरी होते. मॅक म्हणजे गेलिकमध्ये मुलगा, तेव्हा आडनावातच केल्टिक वारसा. त्यांनी मराठी संतांच्या १०८ रचना इंग्रजीत नेल्या, ते पुस्तकही १९१९ चंच. टिळकांची एक प्रार्थनाही त्यांनी इंग्रजीत केली आणि ती तिकडच्या स्तोत्रसंग्रहांत गेली.

आता थोडं गणित. मोठ्या अभंगात एका कडव्याची अक्षरं सहा, सहा, सहा, चार. स्कॉटलंडच्या १६५० सालच्या स्तोत्रपुस्तकातलं नेहमीचं माप आठ, सहा, आठ, सहा. त्या पुस्तकात चाली छापलेल्याच नव्हत्या. माप एक असलं की कुठलीही चाल कुठल्याही स्तोत्राला बसते, जसा आपला एक अभंग दहा चालींत म्हणता येतो. मॅकनिकोल यांनी टिळकांची प्रार्थना नेमकी या आठ-सहाच्या मापात बसवली. म्हणजे मराठी माणसाची प्रार्थना स्कॉटलंडमधले लोक आपल्या आजोबांच्या चालीवर म्हणू शकत होते. साताऱ्याच्या माणसाला जे हवं होतं, तेच तिकडच्यांना आयतं मिळालं!

एक खुलासा करतो, नाहीतर जाणकार मला धरतील. स्कॉटलंडच्या सगळ्या स्तोत्रचाली केल्टिक नाहीत. बऱ्याच दक्षिणेकडच्या, गेलिक न बोलणाऱ्या भागातल्या किंवा युरोपातून आलेल्या आहेत. लुईसवाल्यांनी मात्र त्याच चाली घेऊन इतक्या ताणल्या, इतक्या हरकतींनी भरल्या, की मूळ चाल ओळखू येऊ नये.

आज मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' उघडलं की दोन्ही जातींची गाणी एकाच पुस्तकात भेटतात, परदेशी चालींची आणि पेटी-तबल्यावरची भजनंही. सातारा, मिरज, सांगलीकडचे कुणी ऐकत असाल आणि तुमच्या आजीला टिळकांचं एखादं भजन जुन्या चालीत येत असेल, तर तिला विचारून रेकॉर्ड करा आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडची सुरुवात त्यानेच करू.