पिकअपच्या प्लगची कुळकथा

चिमूरच्या कुठल्याही गॅरेजात जाऊन ‘पिकअपचे प्लग बदलायला किती लागतील?’ असं विचारलं, तर मिस्त्री भाव सांगायच्या आधी उलटा प्रश्न टाकेल : ‘डिझेल हाय का पेट्रोल, भाऊ?’ त्याचं बरोबर आहे. सोयाबीन, कापूस, धान किंवा लग्नाच्या मांडवाचं सामान लादून वरोऱ्याकडं, उमरेडकडं, नागभीडकडं पळणाऱ्या पिकअप बहुतेक डिझेलच्या. डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतोच, म्हणजे त्याचा खर्चही नाही. पेट्रोलवर किंवा सीएनजीवर चालणारी छोटी गाडी असेल तर मात्र दोन प्लग आहेत की चार, साधे आहेत की इरिडियमचे, यावर बिल दोन-तीनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत कुठंही जाऊ शकतं.

एकाच कामाच्या भावात एवढी तफावत का, याचं उत्तर प्लगच्या खोक्यावर छापलेलं नाही. ते त्याच्या कुळात आहे.

या कुळाचा मूळ पुरुष म्हणजे पॅरिसमध्ये राहणारा बेल्जियन कारागीर एत्येन लेन्वार. १८६० साली त्यानं दिवाबत्तीच्या गॅसवर चालणारं इंजिन बनवलं. सिलेंडरातला गॅस पेटवायला त्यानं विजेची ठिणगी वापरली. चिनी मातीच्या नळीतून आत नेलेल्या तारेच्या टोकावर ती ठिणगी उडे. इंजिन तापायचं आणि गॅसही भरमसाट खायचं, पण ठिणगीची कल्पना पक्की होती.

ती रुजायला मात्र चाळीस वर्षं गेली. १८८५च्या सुमारास गॉटलीब डाइम्लरनं आपल्या इंजिनात ठिणगीच्या ऐवजी तापवलेली नळी बसवली. प्लॅटिनमची छोटी नळी, खाली सतत पेटता बर्नर आणि शेजारीच पेट्रोल. नळी नीट तापेपर्यंत गाडी सुरू होत नसे आणि आग लागायची धास्ती कायम. कार्ल बेंझनं १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकीत बॅटरी, कॉइल आणि प्लग अशी विजेची वाट धरली, पण त्या काळची बॅटरी फार वेळ पुरत नसे. दोन्ही वाटा अर्ध्यावरच अडल्या.

ही अडचण सोडवली ती श्टुटगार्टच्या एका कारखान्यानं. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ साली तिथं छोटी कार्यशाळा काढली होती. इंजिनच्या फिरण्यावरच वीज तयार करणारा मॅग्नेटो हा त्यांचा माल. १८९७ साली त्यांनी तो दे दियोन-बुतों कंपनीच्या तीनचाकीवर चढवून दाखवला. मग त्यांच्याकडचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जुळणारा प्लग अशी जोडीच तयार केली. तिचं पेटंट जानेवारी १९०२चं. बॅटरीची चिंता गेली, पेटता बर्नर गेला, आणि मोटार हे रोज वापरायचं वाहन झालं.

प्लगच्या धंद्यात नाव कमावलं ते मात्र एका सायकलपटूनं. १८९९ साली पॅरिस-रुबे ही खडतर शर्यत जिंकणारा फ्रेंच तरुण आल्बेर शांपियों अमेरिकेला गेला आणि तिथं प्लग विकू लागला. इंग्रजी उच्चारात त्याचं आडनाव ‘चॅम्पियन’. पुढं भागीदारांशी फाटलं. त्यानं दुसरी कंपनी काढली, पण चॅम्पियन हे नाव त्यांच्याकडं राहिलं, म्हणून तिला शेवटी आपल्या नावाची आद्याक्षरं दिली : एसी. चॅम्पियन आणि एसी हे दोन्ही ब्रँड एकाच माणसाच्या नावातून निघाले आणि जन्मभर एकमेकांशी स्पर्धा करत राहिले.

पण प्लग किती दिवस टिकणार, म्हणजे खर्च किती वेळा येणार, हे नावावर ठरलं नाही. ते ठरलं त्याच्या पांढऱ्या अंगावर. मधल्या तारेतली वीज टोकापर्यंत जायला हवी, वाटेत इंजिनच्या लोखंडात उतरायला नको, म्हणून भोवती मातीचं वेष्टण असतं. चिनी माती उष्णतेनं तडकायची. पहिल्या महायुद्धातल्या विमानांसाठी अभ्रकाचे पापुद्रे रचून प्लग केले गेले. १९३०च्या दशकात ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची भाजलेली माती आली. एसी कंपनीत हेलन ब्लेअर बार्लेट या खनिजशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर महत्त्वाचं काम केलं. आज गॅरेजच्या फळीवर दिसणाऱ्या प्रत्येक प्लगचा पांढरा गळा त्याच मातीचा आहे.

त्या गळ्याखाली काय चालतं ते पाहिलं की मिस्त्रीचं बोलणं समजतं. दोन टोकांमधली फट मिलिमीटरभराची किंवा त्याहून कमी. ती ओलांडायला पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब लागतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या इंजिनात एकेक प्लग मिनिटाला १५०० वेळा ठिणगी टाकतो. प्रत्येक ठिणगी टोकाचा कणभर धातू खाते, फट रुंदावते, वीज कधी उडते कधी उडत नाही, आणि मग गाडी ‘मिसिंग मारते’. प्लगचं टोक सुमारे ४५० अंशांच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळते. ८५० अंशांच्या वर गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि इंजिन ठोकतं. म्हणून प्रत्येक इंजिनचा प्लग वेगळा. आटे जुळले म्हणून दुसऱ्या गाडीचा बसवला, की वाचलेले थोडे पैसे पिस्टनवर जातात.

भारतात बॉशचा माल १९२२पासून कलकत्त्याच्या एजन्सीमार्फत येत होता. तेव्हा लॉरी म्हणजे पेट्रोलचीच. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं तेव्हा देशभर बसगाड्यांच्या पाठीला भट्ट्या जोडून त्या कोळशाच्या वायूवर चालवल्या गेल्या, आणि तो वायूसुद्धा पेटवायचा प्लगच. युद्ध संपल्यावर १९४७ साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली. चार सिलेंडर, चार प्लग. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून डॉज आणि फार्गोचे ट्रक निघू लागले. १९५१ साली बंगळूरला बॉशच्या भागीदारीत ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’ उभी राहिली. तिच्या पहिल्या मालातच स्पार्क प्लग होता आणि ‘मायको’ हे नाव देशभरच्या गॅरेजांच्या पाट्यांवर चढलं. २००८ साली कंपनीनं बॉश हे नाव घेतलं, पण जुन्या मिस्त्रींच्या तोंडात मायकोच राहिलं.

गंमत अशी की याच कंपनीनं प्लगसोबत डिझेलचे इंजेक्शन पंपही करायला घेतले, आणि मालवाहू गाड्यांतून प्लगला बाहेर काढलं ते डिझेलनं. १९५४ साली टाटांच्या टेल्कोनं डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक सुरू केले. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू आणि आलापल्लीच्या जंगलातून सागवान ओढायचं, तर चढावर दम टिकवणारं आणि कमी खर्चात चालणारं इंजिन लागे. डिझेलमध्ये हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच तापते, आणि त्यात शिंपडलेलं इंधन ठिणगीवाचून पेट घेतं. वर डिझेलवर कर कमी. जीपही त्याच वाटेनं गेली. महिंद्रांनी फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्यानं डिझेल इंजिन घेतलं. त्यात थंडीत सिलेंडर तापवायला ‘हीटर प्लग’ असतो. पौषातल्या पहाटे चावी अर्धी फिरवून थांबायचं, मग सेल्फ मारायचा. हीटर प्लग ठिणगी टाकत नाही, फक्त तापतो. आजही कोणी डिझेल पिकअपचे ‘प्लग’ म्हणतो तेव्हा बहुधा त्याच्या मनात हाच असतो, आणि त्याचा भाव वेगळा.

जड गाड्यांतून हद्दपार झालेला प्लग दोन चाकांवर जगला. १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांनी लुना आणली, त्याच वर्षी बजाजची चेतक आली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या या गाड्यांत प्लगवर काजळी धरायचीच. डिकीत प्लग पाना, पॉलिश पेपर आणि एक जादा प्लग ठेवायचा. गाडी बंद पडली की रस्त्याच्या कडेला प्लग काढून, घासून, फुंकून परत लावायचा. मास्तर असो, तलाठी असो की दूधवाला, हे काम ज्याचं त्याला येत असे. या पिढीसाठी प्लग बदलायची मजुरी असं काही नव्हतंच.

२००३ साली बजाजनं पल्सरमध्ये एका सिलेंडरला दोन प्लग दिले आणि त्याला डीटीएस-आय म्हटलं. २००७ साली टीव्हीएसनं फ्लेम ही गाडी आणली तेव्हा याच दोन प्लगांच्या पेटंटवरून बजाजनं कोर्टात धाव घेतली. मद्रास उच्च न्यायालयातून प्रकरण २००९ साली सर्वोच्च न्यायालयात पोचलं. कोर्टानं टीव्हीएसला गाडी विकू दिली आणि पेटंटचे असले खटले लांबवू नका, अशी तंबी खालच्या कोर्टांना दिली. शंभर रुपयांच्या आसपासच्या वस्तूची जागा कुठं, यावर देशातला एक गाजलेला पेटंट खटला झाला.

चिमूर तालुक्यात चारचाकीचा प्लग टिकला तो वाघामुळं. कोलारा गेटमधून ताडोबात जाणाऱ्या पर्यटकांनी वर्षानुवर्षं पाहिली ती मारुती जिप्सी. १९८५ साली आलेली, पेट्रोलची, हलकी, उघडी, आणि डिझेलच्या मानानं आवाज कमी. जंगलातली धूळ, संथ चाल, वाघ दिसला की इंजिन बंद आणि परत सुरू, यात प्लग काळे पडतात. पण बोनेट उचललं की चारही हाताशी. पाना, थोडी ताकद आणि आट्यांची काळजी एवढ्यात काम उरकतं. जिप्सीचं उत्पादन २०१९च्या सुमारास थांबलं, जंगलात मात्र ती पुढंही धावत राहिली.

मग मालवाहू गाड्यांत प्लग परत कसा आला? दोन निर्णयांनी. जून २०१०मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि दोहोंतलं अंतर घटलं. पाठोपाठ १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज-६चे धुराचे नियम लागू झाले. छोट्या डिझेल इंजिनाला धूर गाळायची यंत्रणा बसवायची, तर गाडीची किंमतच आवाक्याबाहेर जाते. मारुतीनं डिझेल सोडलं. तिची सुपर कॅरी २०१६ साली दोन सिलेंडरच्या डिझेलवर आली होती, ती चार सिलेंडरच्या पेट्रोल-सीएनजीवर गेली. २००५ साली डिझेलवर निघालेला टाटांचा ‘छोटा हत्ती’ म्हणजे एस, दोन सिलेंडरच्या पेट्रोलमध्येही मिळू लागला. सीएनजी पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट मागतो, म्हणून त्या गाडीचे प्लग लवकर झिजतात.

आता हिशेब मांडता येतो. पहिला आकडा सिलेंडरचा : दोन की चार. दुसरा धातूचा. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ला, इरिडियम २४४६ला. निकेलचा प्लग शे-दीडशे रुपयांच्या घरात मिळतो आणि वीस-चाळीस हजार किलोमीटर चालतो. इरिडियमचा पाचशेच्या पुढं जातो, पण लाखभर किलोमीटर निघतात. पहिल्या बिलात महाग वाटणारा प्लग किलोमीटरमागे स्वस्तही पडू शकतो. तिसरा आकडा हाताचा, म्हणजे प्लगपर्यंत पोचायला काय काय खोलावं लागतं. अमेरिकेतल्या पिकअपमध्ये हा आकडा सगळ्यांवर चढतो. तिथं आठ सिलेंडर सहज असतात आणि क्रायस्लरच्या ५.७ लिटर हेमी इंजिनात सिलेंडरमागे दोन, म्हणजे सोळा प्लग. फोर्डच्या २००४ ते २००८च्या ५.४ लिटर ट्रायटन इंजिनात दोन तुकड्यांचा प्लग काजळीनं आत घट्ट बसायचा आणि काढताना मोडायचा. अडकलेलं टोक काढायला खास अवजार करावं लागलं, आणि मालकाचं खरं बिल व्हायचं ते या मोडलेल्या टोकाचं.

चिमूरच्या गॅरेजात यातलं एवढंच कामाचं. इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढायला सांगा, काढलेले डोळ्यांनी पाहा. टोक फिकट तांबूस-राखाडी असेल तर इंजिन ठीक, कोरडा काळा असेल तर मिश्रण घट्ट, तेलकट काळा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील तपासायचे, पांढराफटक असेल तर इंजिन तापतंय. तेलकट प्लगच्या जागी नवा प्लग लावणं म्हणजे महिन्याभरानं परत तेच बिल भरणं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलाच नंबर घ्या, खोक्यासकट घ्या, कारण डुप्लिकेट माल याच धंद्यात भरपूर. पिकअपच्या आजारात प्लग ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे. पैसे जातात ते त्यानं सांगितलेलं न ऐकल्यानं.