शेंडीचे रान आणि भंडारदऱ्याचे पाणी

नगर जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे येते ती ज्वारी, मेंढरं आणि वाट पाहायला लावणारा पाऊस. हल्ली या जिल्ह्याला अहिल्यानगर म्हणतात. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, घाटघरला वर्षाकाठी दोनशे इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो! त्या पावसावर वाढलेलं रान आणि त्याच पावसावर भरलेला जलाशय, या दोहोंच्या मध्ये शेंडी हे गाव आहे. भंडारदऱ्याला जाणारा पाहुणा इथंच उतरतो. पूर्वेला राजूर, म्हणजे आसपासच्या वाड्यांची बाजारपेठ.

या डोंगरांत महादेव कोळी आणि ठाकर यांची वस्ती फार जुनी. घर कारवीच्या कुडाचं, वरून शेणामातीनं लिंपलेलं. खांबाला, नांगराला, मुसळाला लाकूड रानातलंच. पण रानाचा खरा उपयोग शेतीला होई, आणि तो समजल्यावाचून इथला इतिहास समजत नाही. उन्हाळ्यात ऐनाच्या झाडावर चढून टहाळ तोडायचे, वाळवून रोपाच्या तुकड्यावर अंथरायचे, त्यावर शेण आणि पालापाचोळा, वर मातीचा पातळ थर, आणि पेटवून द्यायचे. याला राब भाजणे म्हणतात. मग पहिल्या पावसात तिथं भाताचं किंवा नागलीचं रोप टाकायचं. झाड मुळासकट पाडायचं नाही, फक्त फांद्या घ्यायच्या. दोन-चार वर्षांत ते पुन्हा फुटतं.

इंग्रजांच्या हिशेबात हे बसेना. 1865 साली रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला आली. रुळांखाली घालायला लाकूड हवं, इंजिनाला जळण हवं, मुंबईच्या बांधकामाला साग हवा. तेव्हा रान ही मोजून ठेवायची मालमत्ता झाली. 1878 च्या जंगल कायद्यानं सरकारी राखीव रानं आखली आणि काल जो टहाळ हक्काचा होता त्याला आज परवानगी लागू लागली. ठाणे-कुलाब्याकडे राबावरून इतकी ओरड झाली की सरकारला 1885 मध्ये चौकशीसाठी खास कमिशन नेमावं लागलं. साहेबाला वाटे, फांदी तोडणारा रान बुडवतो. सागाची ओंडकी गाड्या भरभरून जात, त्याचं मात्र नाव ‘उत्पन्न’!

या मुलखातल्या लोकांनी सगळं मुकाट्यानं सोसलं असं कुणी समजू नये. जंगल कायद्याच्याही आधी, सावकारी आणि जुलमाविरुद्ध देवगावच्या राघोजी भांगऱ्यांनी बंड उभारलं होतं. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. शाळेतल्या गुरुजींनी हे नाव मुलांना सांगावं, नकाशावर देवगाव दाखवून सांगावं.

मग आलं धरण. प्रवरा रतनगडावर उगम पावते. तिला अडवायला 1910 साली काम सुरू झालं आणि 1926 साली, गव्हर्नर विल्सन यांच्या हातून उद्घाटन होऊन, पुरं झालं. दगडी भिंत, उंची सुमारे 82 मीटर. पोटात सुमारे अकरा टीएमसी पाणी. दरीतली भातखाचरं आणि रान त्याखाली गेलं. रतनवाडीचं कोरीव अमृतेश्वराचं देऊळ काठावर राहिलं. 1969 साली भिंतीला तडा गेला, तेव्हा मागून टेकू देऊन ती बळकट करावी लागली.

पाणी कुठं गेलं? नदीनं खाली संगमनेरजवळच्या ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत, तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी श्रीरामपूर, राहुरीकडे. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला उभारलेला सहकारी साखर कारखाना 1950 साली सुरू झाला, त्याच्यामागं हे कालवे होते. शेतकऱ्यानं स्वतःचा कारखाना काढला, ही लहान गोष्ट नव्हे. तरी वरच्या डोंगरात माणसं पावसाळा संपला की मजुरीसाठी खाली उतरत, हेही खरं. अकोले-संगमनेरच्या कोरड्या गावांसाठी 1970 साली मंजूर झालेल्या निळवंड्याच्या डाव्या कालव्यात पाणी आलं ते 2023 साली. त्रेपन्न वर्षं!

रानाचं पुढं काय झालं? 1986 साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं, तोडीला आळा बसला. 2006 च्या वनहक्क कायद्यानं रानातल्या उपजीविकेचा हक्क कागदावर मान्य केला. आता गावोगाव दावे दाखल करणं, नकाशे जोडणं, खेटे घालणं चालू आहे. आणि हिरडा! कातडं कमावायला आणि औषधाला लागणारं हे फळ इथल्या घरांना रोख पैसा देतं. त्यातला कोवळा तो बाळहिरडा, त्याला भाव जास्त. उन्हाळ्यात बायका-मुलं तो वेचतात, अंगणात पसरून वाळवतात आणि पोती राजूरच्या बाजाराला नेतात.