लुटुपुटूच्या लढाईचे कायदे

खऱ्या लढाईला कायदा नसतो. असलाच तर तो जिंकणाऱ्याच्या खिशात असतो. लुटुपुटूच्या लढाईचं मात्र तसं नाही. तिथे आधी कायदा, मग लढाई आणि लढाईपेक्षा कायद्यावरूनच हातघाई जास्त.

याचा अनुभव घ्यायला गोंदियासारखं गाव नाही. गोंदिया हे जंक्शन. हावड्याची गाडी इथूनच, जबलपूरकडे जायचं तर इथूनच, नागभीड-चांद्याची वाटही इथूनच. चहूकडची माणसं इथे उतरायची आणि सामानाबरोबर आपापल्या गावचे बुद्धिबळाचे नियमही उतरवून घ्यायची. मग भाताच्या गिरणीच्या ओसरीवर पट मांडला, की पहिला अर्धा तास वाटाघाटीत जायचा.

"तुमच्याकडे प्यादा किती घर जाते जी?"

"एक. तुमच्याकडे?"

"राजाचा अन् वजिराचा दोन जाते. बाकीच्याईचा एक."

"हे कुठचं जी? सहा प्यादे बसून अन् दोघं दौडून राह्यले!"

इतकं झाल्यावर चहा यायचा आणि मग राजाच्या उडीवर चर्चा सुरू व्हायची.

देशी बुद्धिबळाचे नियम गावोगाव थोडे वेगळे असले, तरी त्यांचा एक सर्वसाधारण साचा होता. प्यादं बहुतेक एकच घर चालायचं. किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई, पण अट अशी की तोवर त्याला शह बसलेला नसावा. म्हणजे राजानं पळायचं तर अब्रू शाबूत असतानाच पळायचं. काही ठिकाणी सुरुवातीला दोघांनीही चार-चार, आठ-आठ चाली एकदम करून घ्यायच्या. लढाई जाहीर होण्याआधी फौजा गुपचूप सीमेवर आणून ठेवण्याचा हा प्रकार मला तरी अत्यंत वास्तववादी वाटतो.

आणि सगळ्यांत मोठा फरक प्याद्याच्या बढतीत. आजच्या खेळात प्यादं शेवटच्या घरात पोचलं की सरळ वजीर होतं. देशी खेळात तसला उधळेपणा नव्हता. हत्तीच्या पट्टीत पोचलं तर हत्ती, घोड्याच्या पट्टीत पोचलं तर घोडा. त्यातही अनेक ठिकाणी अशी अट, की तो हत्ती किंवा घोडा आधी मेलेला असला पाहिजे. जागा रिकामी झाल्याशिवाय बढती नाही! सरकारी कचेरीत जन्म घालवलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. बिचारं प्यादं सहा घरं रखडत, जीव मुठीत धरून शेवटाशी येतं आणि तिथे कळतं, की साहेब अजून सेवेत आहेत, आपण प्रतीक्षायादीत.

पण सगळे दोषच होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. प्यादं एकच घर सरकत असल्यामुळे डावाला सुरुवातीला घाई नसे. मांडणी सावकाश, विचार करून होई. पट्टी पाहून बढती असल्यामुळे कुठलं प्यादं पुढे काढायचं याला अर्थ असे. वजिराच्या पट्टीतल्या प्याद्याचा भाव वेगळा, उंटाच्या पट्टीतल्याचा वेगळा. आणि प्याद्यानं मात दिली तर तिचा मान वेगळाच. वजिरानं मात दिली तर लोक "झालं" म्हणत, प्याद्यानं दिली तर हरणाऱ्याच्या घरापर्यंत बातमी जाई.

तोटा एकच, पण मोठा. डाव संपता संपत नसे. समोरच्या राजाची सगळी फौज मारून त्याला एकटं पाडलं तर ती बुर्जी. मग तो पूर्ण विजय, अर्धा, की सरळ बरोबरी? याचं उत्तर गावाची वेस ओलांडली की बदले. सगळं सैन्य कापलं गेलं, राजा एकटा मैदानात उभा, आणि हरणारा शांतपणे सांगतोय, "आमच्याकडे याला बरोबरी म्हणतात." अशा वेळी पट उलटा होई तो काही वाऱ्यानं नव्हे.

हे नियम लिहून ठेवण्याचा खटाटोप आपल्याकडे बराच जुना आहे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये बुद्धिबळाला जागा दिली. पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ते 'नीतिमयूखा'त घेतलं. हे नीलकंठ म्हणजे पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातले, वारसाहक्काच्या भांडणात ज्यांचा 'व्यवहारमयूख' मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांत वकील हातात धरून बोलत, तेच. एकाच माणसानं वडिलोपार्जित जमिनीचे आणि बुद्धिबळाचे असे दोन्ही कायदे सांगावेत, यात मला काहीच विसंगत वाटत नाही. आपल्या समाजात दोहोंवरून सारखीच डोकी फुटतात. नंतर १८१४ साली तिरुवेंगडाचार्य शास्त्रींच्या संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी रूप मुंबईत छापलं गेलं. तेही कसं, तर युरोपी खेळाला जुळवून घेऊन. म्हणजे पेशवाई बुडायला अजून चार वर्षं होती, पण पटावर साहेब आधीच आला होता.

सत्यजित रायांच्या १९७७ च्या 'शतरंज के खिलाडी'त हाच प्रसंग आहे. मुन्शी नंदलाल दोघा नवाबांना इंग्रजी पद्धत समजावून सांगतो, प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जातं, वजिराची राणी होते. नवाबांना ते पटत नाही. तो मुन्शी झालेत डेव्हिड, म्हणजे आपले डेव्हिड अब्राहम चेऊलकर. कोकणातलं चौल आडनावात घेऊन हिंडणारा माणूस लखनौच्या नवाबाला इंग्रजी बुद्धिबळ शिकवतोय, हे फक्त आपल्याच देशात घडू शकतं.

देशी नियमांची खरी परीक्षा पंजाबच्या मीर सुलतान खान यांनी दिली. लहानपणापासून देशी पद्धतीनं खेळलेला हा माणूस १९२९ साली आपल्या धन्याबरोबर विलायतेला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन बसला. पुन्हा १९३२ आणि १९३३ ला. मधल्या काळात हेस्टिंग्जला खुद्द कापाब्लांकाला हरवलं. डावाच्या सुरुवातीला ते चाचपडत, कारण दोन घरं उडणारं प्यादं आणि किल्लेकोट त्यांच्या हाडीमासी नव्हता. पण एकदा गर्दी कमी झाली, की प्रतिपक्षाला घाम फुटे. संथ खेळाची सवय असलेल्या माणसाला शेवटच्या सावकाश लढाईत कोण गाठणार? १९३३ संपता संपता ते धन्याबरोबरच परत आले आणि मोठ्या स्पर्धांतून दिसेनासे झाले. जागतिक संघटनेनं त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर केलं ते २०२४ साली, मृत्यूनंतर. जागा रिकामी झाल्यावर बढती, ती ही अशी.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी होते. ते देशीच खेळायचे. स्पर्धेचं आमंत्रण आलं की म्हणत, "थो खेळ बरा हाये, पण आपला नोहे जी." मला त्यांचं म्हणणं कळतं आणि तरीही पटत नाही. नियम एक झाल्याशिवाय गावची पोर जगात जाऊन खेळू शकत नाही. १९७६ साली रोहिणी खाडिलकर तेरा वर्षांची असताना पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांनी सांगितलं, की बाईला अडवता येणार नाही. असा निवाडा मागायला सगळ्यांचा एक कायदा लागतो, ओसरीवरचा चालत नाही. आणि २०२५ च्या जुलैमध्ये आमच्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख बातुमीला महिला विश्वचषक जिंकली, कोनेरू हंपीसारख्या मातब्बर खेळाडूला जलद डावात हरवून, तेव्हा गोंदियातही पेढे वाटले गेले. ते पेढे देशी नियमांनी मिळाले नसते.

हे सगळं डोक्यात घोळायला कारण झाला आमचा भाचा. तो पुण्याला असतो. सुट्टीत आला तो एक पेटी घेऊन. पेटीत बोटाएवढी माणसं, बुटके, उंदीरतोंडे राक्षस, आणि ही पाहून म्हणाली, "दिवाळी तर झाली, आता किल्ल्यावर कसले मावळे?" आमच्या झाडीपट्टीत दिवाळीचा किल्ला करण्याची रीत फारशी नाही, पण हिचं माहेर सातारचं.

"मामी, हात लावू नका, रंग ओला आहे," भाचा ओरडला.

खेळाचं नाव मॉर्डहाइम. वॉरहॅमर नावाचा राक्षस-बुटक्यांच्या लढाईचा खेळ इंग्लंडात १९८३ साली निघाला, त्याचंच हे १९९९ सालचं धाकटं भावंड. धूमकेतू पडून उद्ध्वस्त झालेलं शहर, त्यात टोळ्यांच्या चकमकी. पट नाही, घरं नाहीत. टेप लावून अंतर मोजायचं आणि फासे टाकायचे. नियमपुस्तक आमच्या वेळच्या भूगोलाच्या पुस्तकापेक्षा जाड. मी ते दोन दुपारी वाचून काढलं.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. बुद्धिबळात मेलेलं मोहरं डबीत जातं, पुढच्या डावात पुन्हा टवटवीत. इथे तसं नाही. पडलेल्या प्रत्येकासाठी लढाईनंतर फासा टाकायचा. कुणाचा डोळा जातो, कुणाचा पाय, कुणी उलट जास्त टणक होऊन परत येतो, आणि ते सगळं पुढच्या लढाईला त्याच्या अंगावर राहतं. शिवाय टोळीतला चौथा हिस्सा पडला की पळून जायची मुभा आहे. जगातल्या किती लढाया या एका नियमानं लवकर संपल्या असत्या!

पण गुरुजींनी पाहिलं असतं तर त्यांच्या मास्तरी नजरेतून पुढचं सुटलं नसतं. टोळीच्या नायकांसाठी फाशांच्या छत्तीस शक्यता आहेत, त्यांतल्या पाचांत मरण. साध्या शिपायाला एकच फासा. एक किंवा दोन पडलं की गेला. हिशेब केला तर छत्तीसात बारा. म्हणजे सरदार पाच आणि प्यादं बारा. उद्ध्वस्त, राक्षसांनी भरलेल्या काल्पनिक शहरातही ही व्यवस्था अगदी आपल्यासारखीच.

दुसरं गोफणीचं. या खेळात धनुष्याला दहा मोहरा पडतात आणि गोफणीला दोन. वर गोफण जवळून एका खेपेत दोनदा मारता येते. झालं! शहाणे खेळाडू धनुष्य घेतच नाहीत, सगळी टोळी गोफणी फिरवत निघते. भाचा म्हणाला, "मामा, हा नियमातला मोठा दोष मानतात, बरेच लोक गोफण खेळूच देत नाहीत." मला हसू आवरेना. मचाणावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकणाऱ्या आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्यानं हे छापण्याआधीच सांगितलं असतं. दगड फुकट, दोरी घरची. महाग शस्त्रांचा खप वाढवायचा असेल तर गोफणीवर बंदीच घालावी लागते.

नियम वाढवून दोष जात नाहीत, हे प्रशियाच्या फौजेनंही अनुभवलं. राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं १८२४ साली नकाशा, ठोकळे, फासे आणि कोष्टकं घेऊन लढाईचा खेळ तयार केला. सेनापती खूश झाले. पण कोष्टकं वाढत गेली, तसे अधिकारी कंटाळले. शेवटी १८७६ साली व्हर्दी दु व्हेर्न्वा यांनी सांगितलं, कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंच बसवा, तो म्हणेल ते खरं. म्हणजे पन्नास वर्षं फिरून ते आमच्या ओसरीवर आले.

भाच्याला मी मग वाघ-बकरी शिकवली. खडूनं फरशीवर रेघा, चार खडे वाघ, वीस चिंचोके बकऱ्या. नागझिऱ्याच्या शेजारच्या माणसाला हा खेळ कुणी समजावून द्यावा लागत नाही. वाघ उडी मारून बकरी खातो. बकऱ्यांना उडी नाही, त्यांनी अंगाला अंग लावून वाघाची वाट बंद करायची. सगळे नियम पोस्टकार्डावर मावतात आणि दोन्ही बाजू एकसारख्या नसूनही डाव रंगतो. दोष असा, की हुशार वाघ मागेपुढे करत बसला तर जेवण गार होईपर्यंत खेळ चालतो. वीस बकऱ्यांच्या या पटाचा संगणकावर पूर्ण हिशेबही झाला आहे. दोघंही बिनचूक खेळले तर बरोबरी.

भाच्यानं पहिल्याच डावात माझ्या अकरा बकऱ्या खाल्ल्या. मग टेप काढून म्हणाला, "मामा, ही उडी किती इंचांची धरायची?"