हृदयाच्या झडपेची गोष्ट

मंडळी, पंपाचा फूट-व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे मौद्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला ही झडप असते. ती पाणी वर जाऊ देते, मागे फिरू देत नाही. झडप गळू लागली तर पंप नुसताच घरघरतो. अडकून बसली तर पाणी चढत नाही. आपल्या हृदयातही अशा चार झडपा आहेत, आणि त्यांचीही दुखणी हीच दोन : गळणे किंवा नीट न उघडणे.

आता तुम्ही म्हणाल, लहान मुलाची झडप बिघडते कशी? काहींचा दोष जन्माचाच असतो. पण शाळकरी मुलांचा जुना वैरी म्हणजे संधिवाताचा ताप. आधी घसा दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. सूज उतरते आणि घरचे विसरून जातात. झडप मात्र आतल्या आत जाड होते, आखडते. पाश्चात्त्य देशांत बहुधा मोठ्या वयात दिसणारी ही अरुंद झडप भारतात कोवळ्या वयातच दिसते, हे दिल्लीच्या डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकपत्रात मांडले.

या झडपेला हात घालण्याचे धाडस पहिल्यांदा केले कुणी? १९२३ साली अमेरिकेत बोस्टनला डॉ. इलियट कटलर यांनी एका शाळकरी मुलीची अरुंद झडप बारीक सुरीने मोकळी करून पाहिली. ती मुलगी पुढे चार वर्षांहून अधिक जगली. पण नंतरचे रोगी दगावले आणि ते काम थांबले. १९२५ साली लंडनला डॉ. हेन्री सौटर यांनी दुसऱ्या एका मुलीच्या धडधडत्या हृदयात चक्क बोट घालून झडप रुंद केली. मुलगी बरी होऊन घरी गेली. पण गंमत पाहा, त्यानंतर इतर डॉक्टरांनी त्यांच्याकडे असा दुसरा रोगीच पाठवला नाही! अखेर १९४८ साली फिलाडेल्फियाचे डॉ. बेली आणि बोस्टनचे डॉ. हार्केन यांनी ही वाट पुन्हा मोकळी केली. मधली तेवीस वर्षे वाया गेली.

आपल्याकडे हे काम मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९५० नंतरच्या दशकात नेटाने चालवले. हे सेन लहानाचे मोठे झाले ते आपल्या नागपुरात. १९६८ साली भारतातले पहिले हृदयरोपणही त्यांनीच केले.

बोटाने झडप उघडणे म्हणजे अंधारात चाचपडणेच. १९५३ साली डॉ. गिबन यांनी हृदय-फुप्फुसाचे यंत्र वापरून शस्त्रक्रिया यशस्वी केली. तेव्हापासून हृदय थांबवून, डोळ्यांनी पाहत काम करता येऊ लागले. पॅरिसच्या डॉ. कार्पांतिए यांनी झडपेचे फाटलेले पडदे शिवण्याचे आणि सैल चौकटीला कडे बसवण्याचे शास्त्रच उभे केले. मुलांना याचा फार उपयोग. का? कृत्रिम झडप मुलाबरोबर वाढत नाही. धातूची बसवली तर रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर. प्राण्याच्या ऊतीची बसवली तर मुलांत ती लवकर कडक होते. म्हणून जमेल तिथे मूळ झडपच दुरुस्त करतात. १९८२ पासून तर काही अरुंद झडपा छाती न उघडता, शिरेतून फुगा नेऊन उघडता येतात.

गुरुजी, बाई, आता तुमच्याशी दोन शब्द. खेळताना एखादे पोर सारखे धापते, चार पायऱ्यांत बसकण मारते, सांधे सुजतात म्हणून घरी राहते. त्याला आळशी म्हणू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या दिवशी त्याला पुढे उभे करा. पालकांना सांगा, घसा दुखून ताप आला तर डॉक्टरला दाखवा. एकदा संधिवाताचा ताप येऊन गेला असेल, तर डॉक्टरांनी ठरवलेली पेनिसिलिनची सुई साधारण दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. बरे वाटले म्हणून ती सोडली, तर दुरुस्त केलेली झडपही पुन्हा बिघडू शकते.

सौटर यांच्याकडे विद्या होती, हात होता; रोगी पाठवणारे मात्र कुणी नव्हते. आज विद्या पुष्कळ पुढे गेली आहे. गावातल्या मुलाला वेळेवर पाठवायचे काम अजून आपलेच आहे.