पातं थांबेपर्यंत: मायटर सॉ या यंत्राचा इतिहास आणि त्याची शिस्त



आजचा विषय एका छोट्या यंत्राचा आहे. भारतातल्या कुठल्याही शहरात, जिथे नव्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असतं, तिथे हे यंत्र जमिनीवर किंवा एखाद्या फळकुटावर ठेवलेलं दिसतं. त्याचं नाव कंपाउंड मायटर सॉ. खाली एक फिरणारं टेबल, मागे लाकूड टेकवायची उभी पट्टी, म्हणजे फेन्स, आणि वर बिजागरीवर खाली येणारं गोल पातं. टेबल डावी-उजवीकडे फिरवलं की आडवा कोन मिळतो, त्याला मायटर म्हणतात. पातं एका बाजूला झुकवलं की उभा कोन मिळतो, तो बेव्हल. दोन्ही एकाच वेळी साधता येतात म्हणून ते कंपाउंड.

मी राहतो त्या जबलपुरात आणि आसपास अशी कामं पाहायला मी आवर्जून थांबतो. बऱ्याच ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. पात्यावरचं झाकण, म्हणजे गार्ड, तारेनं वर बांधून टाकलेलं असतं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "साहेब, मध्ये येतं." ते झाकण तिथे कसं आलं आणि त्यासाठी किती पिढ्यांनी काय मोजलं, ते आज पाहू.

सुरुवात हाताच्या करवतीपासून करू. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि तिथल्या गोदीत वाडिया घराण्यानं पिढ्यानपिढ्या जहाजं बांधली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ हे मलबारी सागाचं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. त्या काळात ओंडक्याच्या फळ्या पाडायच्या त्या हातानं. एक माणूस वर, एक खाली, मध्ये लांब करवत. तिरका काप घ्यायचा तर खाचा पाडलेली लाकडी पेटी असायची, त्या खाचेत करवत घालायची आणि सावकाश ओढायची. हे काम शिकायला वर्षं लागत. पण त्या वर्षांत हात आणखी एक गोष्ट शिकत असे. लाकडात गाठ कुठे आहे, करवत कधी अडकणार, कुठे जोर कमी करायचा. म्हणजे कौशल्य आणि सावधपणा एकाच उस्तादाकडून, एकाच वेळी मिळत होते.

ही जोडी फुटली ती आरमाराच्या गरजेपोटी. ब्रिटिश युद्धनौकेच्या शिडांना आणि दोरांना शेकडो लाकडी कप्प्या लागत. साउथॅम्प्टनचे वॉल्टर टेलर अठराव्या शतकातच या कप्प्यांसाठी गोल करवती वापरत होते. त्याच गावच्या सॅम्युअल मिलर यांच्या १७७७ सालच्या पेटंटमध्ये गोल करवतीचा उल्लेख सापडतो. पुढे १८०० नंतरच्या दशकात पोर्ट्समथच्या गोदीत सॅम्युअल बेंथम यांच्या देखरेखीखाली, मार्क ब्रुनेल यांच्या आराखड्यावरून आणि हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात घडवलेल्या यंत्रांवर कप्प्या तयार होऊ लागल्या. १८०८ च्या सुमाराला तिथे वर्षाला सुमारे १,३०,००० कप्प्या निघत. आणि ११० कसबी कारागिरांचं काम यंत्रावरची १० साधी माणसं करू लागली.

मंडळी, हा आकडा नीट पाहा. कसब आता माणसाच्या हातातून निघून लोखंडात गेलं होतं. युद्धाच्या दृष्टीनं हे मोठंच यश. पण कसबाबरोबर जो सावधपणा हातात मुरत असे, तो काही लोखंडात गेला नाही. तो मधल्या मध्ये गळून पडला. यंत्रापुढे उभा राहिलेला नवा माणूस लाकूड ओळखत नव्हता आणि पात्याची भीतीही शिकला नव्हता.

पुढचं शतक ही गळती कायद्यानं भरून काढण्यात गेलं. ब्रिटनच्या १८४४ च्या कारखाना कायद्यानं यंत्रांभोवती कुंपण सक्तीचं केलं आणि चालू यंत्र साफ करायला मुलांना मनाई केली. आपल्याकडे पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्यातही धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. पण कुंपण असूनही हात गेला तर काय? १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या गिरणी कामगारांनी जे निवेदन दिलं, त्यात रविवारच्या सुट्टीबरोबर ही मागणी होती, की कामावर जबर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडलं. त्याच्या सुधारित तक्त्यात बोटांचा हिशेब लिहिलेला होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधलं बोट १२ टक्के, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के. मी तो तक्ता वाचला तेव्हा मला युद्धातल्या हानीची यादी आठवली. प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी माणूस उभा आहे.

आता आपलं यंत्र. विजेच्या मोटारी लहान झाल्या तशी गोल करवत कारखान्याबाहेर पडली. अमेरिकेत रेमंड डीवॉल्ट यांनी १९२२ च्या सुमाराला आडव्या दांडीवर सरकणारी करवत केली. त्याच दशकात एडमंड मिशेल यांनी ऊस तोडणाऱ्या मजुरांचे कष्ट पाहून कोयत्याला मोटार जोडण्याचा खटाटोप केला आणि त्यातून हातात धरायची विजेची करवत आली. १९६० च्या दशकात रॉकवेल कंपनीनं जुन्या खाचेच्या पेटीलाच मोटार लावली, आणि मायटर सॉ तयार झाला. नंतर त्याला झुकणारं आणि सरकणारं पातं मिळालं.

पण या प्रवासात एक गोष्ट सुटली. कारखान्यात निरीक्षक येतो, फोरमन असतो. आठव्या मजल्यावरच्या अर्धवट फ्लॅटमध्ये कुणी येत नाही. तिथे कायदा, फोरमन आणि उस्ताद तिघांची जागा एकाच गोष्टीनं भरून काढावी लागते. आमच्या फौजेत तिला ड्रिल म्हणतात. रायफल रिकामी आहे हे माहीत असलं तरी ‘खाली कर’चा हुकूम आला की प्रत्येक जण चेंबर उघडून दाखवतो. त्यात हुशारीचा प्रश्नच नसतो. हुशार माणूस दमलेला असतानाही जिवंत राहावा, यासाठी ड्रिल असतं.

या पात्याचा वेग आधी समजून घ्या. दहा इंची पात्याचा घेर सुमारे ८० सेंटिमीटर. मिनिटाला ५००० फेऱ्या धरल्या तर दात मिनिटाला ४००० मीटर धावतो, म्हणजे ताशी २४० किलोमीटर. माणसाला दचकून हात मागे घ्यायला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात पातं २० फेऱ्या मारतं. साठ दातांचं असेल तर १२०० दात तिथून गेलेले असतात. म्हणून "माझा हात चपळ आहे" हे वाक्य या यंत्रापुढे बोलू नका.

तर ड्रिलचा पहिला भाग, मांडणी. काहीही करण्याआधी प्लग काढा. यंत्र जमिनीवर डगमगतं ठेवू नका, पक्क्या बाकाला बोल्टनं जखडा. दोन्ही बाजूंना टेबलाच्याच उंचीचे आधार द्या, नाहीतर लांब पट्टी कापताना टोक खाली झुकतं आणि पातं चिमटतं. मग गुण्या घ्या. पातं टेबलाशी काटकोनात आहे का आणि फेन्सशी काटकोनात आहे का, दोन्ही तपासा. गुण्या पात्याच्या सपाट अंगाला टेकवा, दाताला नको, कारण दात अंगापेक्षा थोडे बाहेर असतात. पातं निवडताना त्यावर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त हवा. टेबल सॉचं पुढे झुकलेल्या दातांचं पातं इथे लाकूड ओढून घेतं, म्हणून दातांचा कल कमी किंवा उलटा असलेलं पातं लावा. बऱ्याच यंत्रांत पात्याचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, तेव्हा जोर लावण्याआधी बाण पाहा.

दुसरा भाग, वापर. चष्मा, कानाला बोळे, नाकाला मास्क. लाकडाची धूळ कर्करोग करते हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलं आहे. हातमोजे, कडं, अंगठी, गमछा, सैल बाही यांपैकी काहीही अंगावर नको, कारण पातं कापडाबरोबर हातही ओढतं. १९४८ च्या कारखाना कायद्यातही चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याला अंगाबरोबर बसणारे कपडे सांगितले होते, ते उगाच नाही. हात पात्यापासून सहा इंच दूर. तुकडा त्याहून लहान असेल तर क्लॅम्प लावा. हातांची कात्री करू नका. फळी वाकडी असेल तर फुगलेली बाजू फेन्सकडे ठेवा. जुन्या सागात खिळे लपलेले असतात, ते आधी शोधा. पातं पूर्ण वेगात आलं की मगच लाकडाला लावा. पातं सरकणारं असेल तर आधी आपल्याकडे ओढा, खाली आणा, मग फेन्सकडे ढकला.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. काप पुरा झाला की बटण सोडा, पातं खालीच ठेवा, ते पूर्ण थांबू द्या, मगच वर उचला. सुटलेला तुकडा तोपर्यंत उचलायचा नाही. आपल्याकडे आणखी एक नियम जोडावा लागतो. लाइट गेली तर लगेच बटण सोडा आणि प्लग काढा. लाइट परत येते तेव्हा ती सांगून येत नाही.

तिसरा भाग, निगा. रोज सकाळी प्लग काढलेला असताना झाकण हातानं वर करून सोडा. ते आपोआप, न अडखळता खाली आलं पाहिजे. अडखळत असेल तर भुसा साफ करा, स्प्रिंग तपासा. झाकण "मध्ये येतं" ते बहुतेक वेळा याच कारणानं, आणि त्याचा इलाज ब्रश आहे, तार नव्हे. पात्यावर चिकटलेला राळेचा थर काढा. बोथट पातं जास्त जोर मागतं, आणि जास्त जोर लावणारा हातच घसरतो. कार्बन ब्रश झिजले की बदला, वायर सोललेली असेल तर यंत्र बाजूला ठेवा.

पोर्ट्समथमध्ये १० माणसांनी ११० जणांची जागा घेतली, त्या दिवसापासून यंत्र कसब पुरवत आलं आहे. सावधपणा मात्र अजून माणसालाच आणावा लागतो. तुमच्या घरी काम चालू असेल तर मिस्त्रीला चहा देताना झाकणाकडे एक नजर टाका. तार दिसली तर ओरडू नका. ब्रश हातात द्या आणि झाकण साफ होईपर्यंत काम थांबवा. अर्धा तास उशीर झाला तर होऊ दे, त्याचे पैसे कापू नका. त्याची दहा बोटं त्याच्या घराचा पगार आहेत.

जय हिंद.