अस्सल, नक्कल आणि मुदत

बदलापूर या नावाविषयी एक परंपरा आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. लांबच्या मजलेला निघालेले स्वार आणि जासूद या ठिकाणी आपले दमलेले घोडे सोडीत, पागेत आधीपासून तयार ठेवलेल्या ताज्या दमाच्या घोड्यांवर मांड टाकीत आणि वेळ न दवडता पुढची वाट धरीत; घोडे बदलण्याचे ठाणे म्हणून हे बदलापूर. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीला ही कथा कितपत उतरेल हा प्रश्न निराळा, परंतु निरोप लवकर पोहोचावा असे वाटत असेल तर वाटेवर कोणीतरी आधीच तजवीज करून ठेवलेली असावी लागते, ही जाण त्या कथेत आहे. 1856 साली कल्याणहून बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत लोहमार्ग पोहोचला तेव्हा घोड्यांची जागा वाफेच्या इंजिनांनी घेतली, आणि त्या इंजिनांची तहान भागविण्यासाठी अंबरनाथजवळ काकोळे येथे रेल्वे कंपनीने बांधलेला तलाव आजही ‘जीआयपी टँक’ याच नावाने ओळखला जातो. आमच्या भागात इंटरनेट आले त्यालाही आता तीन दशके होत आली. त्याच्या वाटेवरच्या पागा आणि टाक्या कोणत्या, त्या कोणी राखल्या, आणि त्यांच्या किल्ल्या कोणाच्या हाती गेल्या, हा इतिहास मात्र अद्याप कोणी लिहिलेला नाही.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा व्यक्तिगत ग्राहकाला 250 तासांसाठी 5,000 रुपये मोजावे लागत. मुंबईचा दूरध्वनी-संकेतांक 022 आणि कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांचा 0251; लोकलने तासा-सव्वा तासाच्या अंतरावर असलेली मुंबई दूरध्वनीच्या दप्तरात परगाव होती. जोडणीचा वेग एका सेकंदाला 9,600 बिट, म्हणजे बाराशे बाइट. साठ हजार बाइटांचे एक लहानसे चित्र उतरावयास पन्नास सेकंद लागत, आणि तेच चित्र शेजारच्या माणसाने मागितले तर ते समुद्रापलीकडच्या त्याच संगणकाकडून, त्याच वाटेने, पुन्हा पन्नास सेकंद घेऊन येई. एकदा आलेल्या वस्तूची एक नक्कल जवळ ठेवावी आणि दुसऱ्याने मागितली तर तीच त्याच्या हाती द्यावी, ही कल्पना अशा अडचणीतून सुचणे स्वाभाविकच होते. तिला तंत्रज्ञ मंडळी ‘कॅशे’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, लपविणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. आपल्याकडे रोकडीसाठी जो ‘कॅश’ शब्द रूढ आहे त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

या विद्येचा उगम संगणकाच्या पोटात झाला. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी 1965 साली असे सुचविले की, मोठ्या परंतु मंद स्मृतिकोशाच्या पुढे एक छोटा, चपळ स्मृतिकोश बसवावा आणि वारंवार लागणारा मजकूर त्यात ठेवावा. पुढे जिनिव्हाच्या सर्न या संस्थेत वेबचा जन्म झाला, आणि 1994 साली तेथेच भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय वेब-परिषदेत आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी ‘प्रॉक्सी’ची, म्हणजे अनेकांच्या वतीने पाने मागविणाऱ्या आणि ती साठवून ठेवणाऱ्या मध्यस्थ संगणकाची, मांडणी केली. 1996 साली ‘स्क्विड’ हे मोफत सॉफ्टवेअर निघाले आणि जगभरच्या इंटरनेट पुरवठादारांनी व विद्यापीठांनी ते आपल्या दारात उभे केले.

नक्कल ठेवणे सोपे आहे. अवघड आहे ते नकलेचा भरवसा राखणे, आणि येथे मला आपल्या जुन्या कचेऱ्यांची परिभाषा इंग्रजीपेक्षा अधिक नेमकी वाटते. दूरच्या संगणकावर असतो तो अस्सल. जवळ असते ती नक्कल. प्रत्येक नकलेला मुदत असते, आणि ती पानाच्या मालकाने पानाबरोबरच लिहून पाठविलेली असते. मुदत संपली म्हणजे नक्कल लगेच फेकून द्यावयाची नसते, तर अस्सलाशी तिची रुजुवात करावयाची असते: ‘अमुक तारखेची प्रत माझ्याजवळ आहे, त्यानंतर काही फरक पडला आहे काय?’ फरक नसेल तर अस्सलाकडून 304 हा आकडा येतो, त्याचा अर्थ ‘बदल नाही’, आणि सगळे पान पुन्हा मागविण्याचा व्याप वाचतो. 1996 आणि 1997 साली वेबचे जे नियम लिहून काढले गेले त्यांत मुदत आणि रुजुवात यांची ही व्यवस्था आहे. आणि कोठी भरली म्हणजे ज्या नकलेला सर्वांत जास्त काळ कोणी विचारले नाही ती प्रथम बाहेर काढावी, हा व्यवहार तर कोणत्याही कोठावळ्याला शिकवावा लागला नसता.

रुजुवात चुकली म्हणजे काय होते, ते मी उल्हासनगरात पाहिले. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित उतरले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. या शतकाच्या आरंभी तेथील कॅम्प नंबर चारमध्ये, जुन्या बराकीच्या जागी उठलेल्या एका इमारतीत, एका सिंधी गृहस्थांचे सायबर कॅफे होते. प्लायवूडच्या आडोशांत सहा संगणक, सगळ्यांना मिळून एकच मोडेम, आणि गल्ल्याजवळच्या सातव्या संगणकावर ‘विनगेट’ हा प्रॉक्सी बसविलेला. म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाला जे पान मिनिटभर ताटकळत ठेवी ते दुसऱ्याला बघता बघता मिळे. दहावीच्या निकालाच्या दिवशी, जूनच्या पावसात, दारापर्यंत रांग लागली होती. निकालाची वेळ उलटून गेली तरी प्रत्येक पडद्यावर ‘निकाल अद्याप जाहीर झालेला नाही’ हेच वाक्य दिसत होते, आणि अंबरनाथहून मुलीला घेऊन आलेले एक वडील हातातल्या हॉलतिकिटाची घडी पुन्हा पुन्हा घालीत आणि उलगडीत होते. मालकांनी त्या पडद्याकडे एकदा पाहिले, म्हणाले, “काका, घाबरू नका, हे सकाळचं पान आहे,” आणि कंट्रोलची कळ दाबून धरून एफ-पाच दाबले. मग मुलीचा क्रमांक भरला, तेव्हा वरचे चित्र आणि चौकट सर्वांना सारखी असल्याने ती कोठीतून तत्काळ आली. मुलीचे गुण मात्र तिचे एकटीचे, त्यांची नक्कल कोठेही असणे शक्य नव्हते, आणि ते येईपर्यंत त्या खोलीत कोणी बोलले नाही. ती उत्तीर्ण झाली होती.

नकलेतील चूक किती काळ जगू शकते याचा दाखला अंबरनाथच्या शिवालयात आहे. तेथील शिलालेखाचा प्रथम जो पाठ प्रसिद्ध झाला त्यात, भाऊ दाजी यांच्यासारख्या थोर पंडिताकडूनही, शक 782 असे वाचले गेले. पुढच्या संशोधकांनी अक्षरे पुन्हा तपासून तो शक 982, म्हणजे इसवी सन 1060, ठरविला. तोवर ज्यांनी ज्यांनी पहिला पाठ उतरून घेतला त्यांच्या लेखी मंदिर दोनशे वर्षांनी अधिक जुने राहिले. अस्सल शिळा जागेवर होती म्हणूनच ही दुरुस्ती होऊ शकली.

बाहेरच्या जगात नकला ठेवण्याच्या या विद्येचा, उल्हासनगरातील त्या कॅफेच्या सुमारासच, उद्योग झाला. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात टॉम लेटन, त्यांचा विद्यार्थी डॅनिएल ल्युइन आणि त्यांचे सहकारी यांनी 1997 साली असा गणिती मार्ग प्रसिद्ध केला की, अनेक संगणकांत नकला वाटून ठेवल्या असता एखादा संगणक बंद पडला किंवा नवा आला तरी थोड्याच नकला हलवाव्या लागतात. 1998 साली त्यातून ‘अकामाय’ ही कंपनी निघाली. ल्युइन 11 सप्टेंबर 2001 रोजी अपहृत विमानात मारले गेले, तेव्हा ते अवघे 31 वर्षांचे होते. आपल्याकडे 2003 साली ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली, ती भारतातल्या भारतात जाणारा मजकूर परदेशाला वळसा घालून येऊ नये म्हणून.

त्यानंतर जो पालट झाला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गोपनीयतेसाठी पाने कुलूपबंद होऊन येऊ लागली. बँकेचा व्यवहार आणि खाजगी पत्रे वाटेत कोणी वाचू नयेत यासाठी ते आवश्यकच होते. परंतु त्यामुळे मधल्या संगणकाला पान दिसेनासे झाले, जे दिसत नाही त्याची नक्कल काय ठेवणार, आणि गल्लोगल्लीच्या प्रॉक्सींचे काम संपले. त्यांच्या जागी आता गूगल, नेटफ्लिक्स यांच्यासारख्या मजकुराच्या मालकांनीच आपापल्या कोठ्या पुरवठादारांच्या आवारात नेऊन ठेवल्या आहेत. व्हिडिओ पूर्वीसारखा अडकत नाही, हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि कोणती नक्कल ठेवावी, कोणती काढावी, हा अधिकार पूर्वी कॅम्प चारमधील त्या गृहस्थांकडे होता. तो आता समुद्रापार गेला आहे, आणि ही हानी आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे सायबर कॅफे चालविले, ज्या केबलवाल्यांनी गच्च्यांवरून तारा ओढून घरोघर नेट नेले, त्यांच्यापैकी पुष्कळ जण आज हयात आहेत आणि दुसऱ्या धंद्यांत आहेत. त्यांच्या माळ्यावर त्या काळच्या गिऱ्हाइकांच्या वह्या, जोडणीची बिले, क्वचित एखादा जुना संगणकही असेल. तो ऐवज त्यांनी रद्दीत घालू नये. गावच्या वाचनालयाकडे द्यावा, आणि शक्य झाल्यास चार पाने आठवणी स्वतःच्या हाताने लिहून त्यासोबत ठेवाव्यात, ही माझी त्यांना विनंती आहे.